अंड्याच्या पातोड्या

अंडं ताजं आहे की शिळं, हे न फोडता ओळखता येतं. खोल भांड्यात पाणी घ्यायचं आणि अंडं त्यात अलगद सोडायचं. ताजं असेल तर ते तळाशी आडवं लोळतं. काही दिवसांचं असेल तर एका टोकावर उभं राहतं. आणि तरंगलं, तर न फोडता उकिरड्यावर नेऊन ठेवायचं आणि हात धुवायचे. मुलांना हा प्रयोग फार आवडतो, कारण अंडं पाण्यात पडायच्या आधी पैज लावता येते.

निवृत्त झाल्यावर मी जामला, गावाबाहेरच्या नव्या लेआऊटमध्ये, घर बांधलं, तेव्हापासून संध्याकाळी आमच्या छपरीत, म्हणजे ओसरीत, तिथली मुलं जमत. शिकवणी म्हणून नाही. मी त्यांच्या हातात काहीतरी देई, कधी भिंग, कधी चिंचोके, आणि मग प्रश्न आपोआप निघत. त्या दिवशी अंडी होती. माझी नात मयुरी आणि शेजारची आचल, दोघी चौथीत, भांड्यावर वाकल्या होत्या.

"बुडते," मयुरी म्हणाली.

"तरंगते," आचल म्हणाली.

अंडं बुडालं. मयुरीनं स्वतःच्याच हातावर टाळी वाजवली. आचलनं मात्र आपला ओला हात नाकाशी नेऊन हुंगला आणि फ्रॉकला पुसला. मग पुन्हा हुंगला.

"गुरुजी, हात धुवून येऊ?"

"पाण्यातच तर होता हात."

"तसं नाई. साबणानं."

मी जाऊ दिलं. मुलं असं काही करतात तेव्हा लगेच विचारू नये. विचारलं की ती शहाण्यासारखं उत्तर देतात, आणि खरं उत्तर आतच राहतं.

आचल ही पुंडलिकरावांची नात. नागपूरहून येणारा मोठा रस्ता जामला फुटतो, एक हैदराबादकडे आणि एक चंद्रपूरकडे. त्या चौकात पुंडलिकरावांचं किराणा दुकान. गावात राहत असतो तर त्यांचं आणि आमचं घर लागून कधीच झालं नसतं. गावात कोणाची वस्ती कुठे हे आधीपासून ठरलेलं असतं. लेआऊटमध्ये प्लॉटला प्लॉट लागतो. ज्याच्या नशिबी जो नंबर आला, तो त्याचा शेजार. आमच्या दोघांच्या मधे छातीएवढी विटांची भिंत, आणि भिंतीच्या पलीकडे, त्यांच्या मागच्या आंगणात, एक कडुनिंब. त्याची सावली सकाळी त्यांच्याकडे असे आणि दुपारनंतर आमच्याकडे येई.

पुंडलिकरावांच्या पत्नी शोभाबाई भिंतीवरून खूप बोलत. दिवाळीला फराळाचं ताट देत, माझी पत्नी मीराबाई हिच्याकडून कढीपत्ता नेत. आमच्याकडे पाणी मात्र पीत नसत, आणि आम्हीही कधी पुढे करत नसू. अशा गोष्टी दोन्हीकडे माहीत असतात, आणि त्या माहीत असूनही शेजार चांगला चालतो.

त्या संध्याकाळच्या काही आठवडे आधी, अठ्ठ्याण्णव सालच्या पावसाळ्याअखेर, आचलला टायफॉइड झाला होता. ताप उतरला, पण पोर काडीसारखी झाली. तिची आई बाळंतपणासाठी माहेरी नाचणगावला गेलेली. वडील गजेंद्र दुकानाच्या मालापायी सारखे बाहेर. तेव्हा नातीला उभं करायचं काम शोभाबाईंकडे आलं. समुद्रपूरच्या डॉक्टरांकडून आल्या त्या दिवशी भिंतीला टेकून त्यांनी मीराबाईला सगळं सांगितलं.

"म्या म्हणलं, डॉक्टरसाहेब, बदाम देतो, तूप देतो, दूध तं घरचंच हाये. तं म्हणते, ते बी द्या आन् रोज एक अंडं बी द्या."

"मंग द्या नं. अंड्यानं कोनाचं काय बिघडलं?"

"तुमचं नाई बिघडत, बाई. माह्या घरात देव हायेत."

"आमच्या घरात बी बुद्ध बसले हायेत. आजवर तं काई बोलले नाई."

शोभाबाई हसल्या. पण हसून झाल्यावरही भिंतीला धरूनच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाखाली एक रॉकेलचा स्टोव्ह आला. झाडाला खिळा ठोकून त्यावर जर्मनचा लहान गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, एक चमचा आणि कडेनं टवके उडालेली एक प्लेट टांगली गेली. ही अंड्याची भांडी. ती घरात जायची नाहीत आणि घरातली इथे यायची नाहीत. पुंडलिकराव चौकातून अंडी आणत ती कागदात गुंडाळून, पिशवीत तळाशी, वर गुळाची ढेप ठेवून.

शोभाबाईंनी जन्मात अंडं शिजवलं नव्हतं. कच्चं राहू नये म्हणून त्या ते तुरीच्या डाळीसारखं शिजवत. पाणी आटलं की पुन्हा घालत. एवढं उकळलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो आणि गंधकासारखा वास सुटतो. तो वास भिंत ओलांडून आमच्या छपरीत येई. शोभाबाई पदरानं नाक धरून, हात लांब करून, चमच्यानं ते प्लेटमध्ये ढकलत. आचल पालथ्या टोपल्यावर बसून खाई. खाऊन झालं की चूळ, हातपाय धुणं, दुसरा फ्रॉक, आणि दिवेलागणीपर्यंत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. मार्गशीर्षातल्या गुरुवारी अंड्याला सुट्टी.

हे सगळं त्या मायेनंच करत होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. चूळ भरायला पाणी त्या स्वतः कोमट करून आणत. थंडीत पोरीला आंगणात बसावं लागतं म्हणून तिच्या खांद्यावर आपली शाल टाकत. पण नियम म्हणजे नियम.

मग एके दिवशी सकाळी मीराबाई आमच्या पपईच्या झाडाखालून एक गोष्ट उचलून घेऊन आली आणि माझ्यासमोर धरली.

"पाहा. आपल्या घरी कोंबडी नाई, कोंबडा नाई. आन् उकडलेले अंडे कोन देऊन राह्यलं? तेबी सोलून?"

अंड्याला एका बाजूनं लहानसा चावा होता. पपईखाली आणखी होती, मुंग्या लागलेली, मातीत दबलेली.

त्या संध्याकाळी मी मुलांना एक उकडलेलं आणि एक कच्चं अंडं दिलं आणि दोन्ही जमिनीवर फिरवायला सांगितली. उकडलेलं भिंगरीसारखं गरगर फिरतं. कच्चं डगमगतं, कारण आतलं पातळ मागे राहतं. बाकीची मुलं फिरवत बसली. आचलनं हातही लावला नाही.

"मले न फिरवता ओळखू येते," ती म्हणाली. "वासानं."

मुलं पांगल्यावर मी दोघींना थांबवलं. "आचल, भिंतीवरून अंडी उड्या मारतात का गं अलीकडे?"

आचलनं मयुरीकडे पाहिलं.

"म्या नाई सांगतलं," मयुरी घाईघाईनं म्हणाली.

"आजीले सांगसान?" आचलनं मला विचारलं.

"मी नाही सांगणार. खाववत नाही का तुला?"

"पहिल्या दिवशी खाल्लं. बरं लागलं थोडंसं." ती जमिनीवरच्या अंड्याकडे बघत बोलत होती. "मंग आजी म्हणे, आता आत येऊ नको. आत सगळे जेवत होते. मले आवाज येत होता. आबाजी काईतरी बोलले आन् बाबा हासले. मी विचारलं काय झालं, तं कोनाले आयकूच नाई गेलं." मग ती म्हणाली, "आजी मोत्याले बी तिथंच वाढते. त्याच जागी."

मोत्या म्हणजे त्यांचा कुत्रा.

"गुरुजी, मी वाईट खातो का?"

"आमच्या घरी सगळे तेच खातात. मयुरी वाईट आहे का?"

आचलनं विचार केला. "कधीकधी."

मयुरीनं तिला चिमटा काढला आणि दोघी हसल्या. मी हसलो नाही. माझे वडील दुसऱ्याच्या वावरात राबत. दुपारची भाकरी त्यांना गोठ्याच्या कडेला मिळे, वरून हातावर टाकलेली. मोठेपणी आम्ही खोदून विचारलं की ते एवढंच म्हणत, भाकरी चांगली असे, पण उतरत नसे. शोभाबाईंच्या मनात तसलं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पोरीचा घास मात्र तिथेच अडकला होता.

"जे मला सांगितलंस ते आजीला सांग," मी म्हटलं.

"नाई."

"मारेल?"

"आजी मारत नाई."

"मग?"

"रडते ते."

मी तिला शब्द दिला होता, म्हणून गप्प राहिलो. पुढच्याच आठवड्यात आचल शाळेत प्रार्थनेच्या रांगेत भोवळ येऊन खाली बसली. बाईंनी तिला घरी पाठवलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत वजन वाढलं नाही तर वर्ध्याला भरती करू. शोभाबाई भिंतीशी आल्या तेव्हा त्यांचा आवाज बसला होता.

"रोज अंडं देऊन राह्यली, मीराबाई. एक दिवस नाई चुकवला, गुरुवार सोडून. तरी पोरगी भरूनच नाई राह्यली. तिची माय आली तं काय तोंड दाखवू?"

मीराबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी कडुनिंबाकडे पाहिलं.

"तुमी करता कसं?" तिनं विचारलं.

शोभाबाईंनी सांगितलं. मीराबाईनं कपाळावर हात मारला. "अवो माय, ते अंडं हाये का हाड? थंड्या पान्यात टाका, उकळी आली का झाका आन् उतरवा. जरा वेळानं काढा. आन् रोज रोज उकडूनच काऊन? भुर्जी करा, कांदा टाकून. मेथी चिरून पोळी करा अंड्याची. आमच्या मयुरीले तर कालच्या भाकरीचा कुस्करा करून त्यात अंडं फोडलं का दुसरं काई नाई लागत. गुरुजीले रस्सा पायजे, तर्री आलेला."

"मसाल्याचं करीन म्हणलं तं चव पाहा लागन. मीठ, तिखट. मी कशी पाहू?"

ज्या बाईला आपण शिजवलेलं चाखता येत नाही, तिनं काय शिजवावं? मग मीराबाईनं विचारलं, "नैवेद्याचा सैपाक कसा करता? चाखून?"

"राम राम! नैवेद्य कोनी चाखते का?"

"मंग तसाच करा."

शोभाबाईंनी दचकून तिच्याकडे पाहिलं. रागावतील असं मला वाटलं. पण त्या पदर सावरत आत गेल्या, आणि पाठमोऱ्या दिसल्या तरी त्या विचार करत होत्या हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सगळे घरी. सकाळी अकराच्या सुमाराला पलीकडे तीन विटांची चूल मांडलेली दिसली, आणि तुराट्यांचे लाल निखारे. शोभाबाईंनी स्वतःचंच डोकं चालवलं होतं. त्यांच्या हातचं वांग्याचं भरीत अख्ख्या लेआऊटमध्ये नावाजलेलं. वांगं निखाऱ्यात भाजलं की त्याचा उग्र वास जातो, मग अंड्याचा का जाणार नाही? त्यांनी अंडं निखाऱ्यात ठेवलं आणि वर राख ओढली.

आता वांग्याला आपण आधी सुरीनं टोचतो, ते वाफ निघून जावी म्हणून. हे हातांना इतकं सवयीचं असतं की कशासाठी करतो ते डोकं विसरतं. अंड्याचं टरफल तर वांग्याच्या सालीहून कितीतरी घट्ट. आतलं पाणी तापून वाफ होते, वाफेला जागा हवी असते.

धडाड्!

राखेचा लोट उठला. मोत्या ओरडत पळाला. आम्ही भिंतीशी धावलो. शोभाबाईंच्या केसांत राख, गालावर पिवळा बलक, हातात चिमटा तसाच.

"टायर फुटलं का बे?" पुंडलिकराव बनियनवर बाहेर आले. त्यांच्या मागे गजेंद्र, दारात आचल.

"अंडं फुटलं," शोभाबाई म्हणाल्या.

कुठे भाजलं नाही हे पाहून पुंडलिकरावांना हसू फुटलं. "अवो, असं अख्खं अंडं निखाऱ्यात टाकते का कोनी? आधी टोचा माराव लागते बुडाले. ताराचंद तं..."

आणि ते थांबले.

"कोन ताराचंद?"

"चौकातला."

"आम्लेटच्या ठेल्यावाला?"

"गिऱ्हाईक हाये आपला. कांदे नेते."

"कांदे नेते तं नेऊ द्या. अंड्याले टोचा माराचा हे त्यानं तुमाले काऊन सांगतलं?"

पुंडलिकरावांनी गजेंद्रकडे पाहिलं. गजेंद्रनं झाडावरच्या कावळ्याकडे पाहिलं.

तेव्हा आचल बोलली. आवाज लहान होता, पण भिंतीपर्यंत नीट आला. "आबाजी सांबार जास्त टाकून घेते. आन् मिरची. म्या पाह्यलं, शाळेतून येताना."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. पुंडलिकरावांनी बनियन खाली ओढलं, जणू ते आखूड पडलं होतं.

"आबाजी तिथं खाते," आचल पुढे म्हणाली, "मंग घरी येते, आन् आत पाटावर बसते. मंग मलेच काऊन बाहेर बसवते, आजी?"

शोभाबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"कधीपासून?" शोभाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"दुकान टाकलं तवापासून. रोज नाई. आठवड्यातून एखाद्या बारी."

"आन् संध्याकाळची आरती?"

"चूळ भरून येतो नं मी."

एरवी यावर कोणीही हसलं असतं. शोभाबाई हळूच खाली बसल्या, त्याच पालथ्या टोपल्यावर, जिथे आचल बसायची. आचल त्यांच्याजवळ गेली. सांगायचंच झालं तर आता सगळं सांगून टाकावं, असं तिला वाटलं असणार.

"आजी, मी खातच नाई. एक घास खातो आन् भिंतीवरून टाकतो. गुरुजीकडे."

शोभाबाईंनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं. "तुमाले मालूम होतं?"

"होतं," मीराबाई म्हणाली.

"आन् सांगतलं नाई."

"तिनं स्वतः तुम्हाला सांगावं असं मला वाटत होतं," मी म्हणालो. "मी सांगितलं असतं तर तुम्ही तिला समजावत बसल्या असत्या."

शोभाबाईंचे डोळे भरले. राखेतून दोन ओघळ खाली आले. आचलनं माझ्याकडे वळून, कंटाळल्यासारख्या पण काळजीच्या सुरात म्हटलं, "पाहा गुरुजी. म्या म्हणलं होतं."

त्या दिवशी पलीकडे पुन्हा स्टोव्ह पेटला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गंज खिळ्याला तसाच लोंबत होता. मीराबाई दोनदा भिंतीपर्यंत जाऊन परत आली. "रागावली बाई," ती म्हणाली. मला तसं वाटत नव्हतं. काही मुलं वर्गात प्रश्न विचारल्यावर गप्प होतात, ती उत्तर येत नाही म्हणून नाही. उत्तर येतं, पण ते बोलायला आधी कुठेतरी उठून उभं राहावं लागतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खोबरं भाजल्याचा वास आला, मग कांद्याचा, मग धने-खसखशीचा. हा वास आम्ही ओळखत होतो. पातोडीच्या रश्श्याचा. बेसन शिजवून थाळीत थापायचं, त्याच्या शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या आणि तिखट रश्श्यात सोडायच्या. शोभाबाईंकडे पाहुणा आला की हेच. पण आज वास स्वयंपाकघरातून कडुनिंबाकडे सरकत आला. त्यांनी रस्सा आत केला होता आणि बाहेर आणून अंड्याच्या गंजात ओतला होता. स्टोव्हवर एक जुना तवा होता.

"मीराबाई," त्यांनी हाक मारली, जणू मधे काही झालंच नव्हतं. "अंडे फेटले. बेसन किती टाकू?"

"पातोडीले टाकता त्याच्या पाव हिस्सा. अंडं धरून ठेवते स्वतःले."

शोभाबाईंनी बेसन घातलं, हळद, तिखट, मूठभर सांबार. तव्यावर जाडसर पोळी ओतली, सराट्यानं उलटली. नाकाला पदर नव्हता. दोन्ही हात कामात होते. पोळी थाळीत घेऊन त्यांनी ती सुरीनं आडवी, मग तिरपी कापली. वड्या एकसारख्या, पातोडीच्याच मापाच्या. त्या रश्श्यात सोडल्या आणि गंजावर झाकण ठेवलं.

मग त्या घरात गेल्या आणि पाट घेऊन आल्या. एक पाट. पुन्हा गेल्या, दुसरा. पुन्हा गेल्या. कडुनिंबाखाली त्यांनी ओळीनं पाट मांडले, तेव्हा दुकानातून जेवायला आलेले पुंडलिकराव दारात थबकले.

"हे काय?"

"बसा."

"इथं?"

"इथंच. तिथं उभ्यानं खाता, इथं बसून खा. पोरीच्या बाजूनं. अंडं माह्या चुलीवर नाई येनार, ते मी सांगून ठेवतो. पन माह्या घरची पोरगी एकटी नाई जेवनार." मग गजेंद्रकडे वळून, "तू काऊन उभा? तुह्या बी तोंडावर दिसूनच राह्यलं."

गजेंद्र मुकाट्यानं बसला. आचल मधल्या पाटावर. तिच्या एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला शोभाबाईंनी आपलं ताट मांडलं. त्यात वरण-भात आणि लिंबाची फोड, दुसरं काही नाही. टवके उडालेली प्लेट झाडावरच राहिली. सगळ्यांना पत्रावळी होत्या.

शोभाबाईंनी वाढलं, पण कोणाला हात लावू दिला नाही.

"थांबा. मी चाखलं नाई." त्यांनी आचलकडे पाहिलं. "तू पाह्य. मीठ?"

आचलनं वडीचा तुकडा तोडला, रश्श्यात बुडवला, खाल्ला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. भिंतीच्या अलीकडे मीराबाई, मी आणि टाचा उंचावलेली मयुरी, आम्हीही. ती सावकाश चावत राहिली. एवढ्या मोठ्या माणसांना एवढा वेळ ताटकळत ठेवण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी.

"कमी हाये," ती म्हणाली.

"नाई नाई, बरोबर हाये," पुंडलिकराव म्हणाले. त्यांनी तेवढ्यात एक वडी तोंडात टाकलीच होती.

"तुमाले कोनं विचारलं?" शोभाबाईंनी चिमूटभर मीठ गंजात टाकलं, ढवळलं, पुन्हा थोडा रस्सा आचलच्या द्रोणात वाढला. "आता?"

"थोडंसं अजून."

पुन्हा चिमूट. "आता?"

आचलनं या वेळी चव पाहिली नाही, सरळ खाऊ लागली. दुसरी वडी, तिसरी. पुंडलिकरावांनी काहीतरी म्हटलं, गजेंद्र हसला, आणि आचलनं तोंडात घास असतानाच विचारलं, "काय झालं, आबाजी?" त्यांनी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

पुढे वजन वाढलं, वर्ध्याला जायची वेळ आली नाही. तिची आई बाळाला घेऊन परतली तेव्हा आचलचे गाल पाहून तिनं सासूला विचारलं, काय दिलं हिला? शोभाबाई म्हणाल्या, पातोड्या. अंड्याच्या दिवशी ते सगळं घर कडुनिंबाखाली जेवू लागलं, आणि अंडं न खाणारंही कोणी त्या दिवशी आत जेवलं नाही. स्वयंपाकघरात अंडं काही आलं नाही. शोभाबाई होत्या तोवर येणारही नव्हतं. आमच्याकडचं पाणी प्यायला त्यांना आणखी काही वर्षं लागली, आणि ज्या दिवशी त्या प्यायल्या त्या दिवशी आम्ही कोणीच त्याबद्दल बोललो नाही.

पण त्या दुपारचं आणखी थोडं राहिलं. जेवणं आटोपल्यावर शोभाबाईंनी एक द्रोण भरून भिंतीवरून मीराबाईच्या हातात दिला. मीराबाईनं तिथेच उभ्यानं एक वडी खाल्ली.

"कशी हाये?" शोभाबाईंनी विचारलं.

"झक्कास. आता मले बी अशीच करा लागन." मीराबाईनं बोट चाटलं. "मीठ मात्र जरा जास्त झालं, बाई."

"ते मले नोका सांगू," शोभाबाई म्हणाल्या आणि पत्रावळी गोळा करणाऱ्या नातीकडे बोट दाखवलं. "तिले सांगा. मीठ पाहाचं काम तिच्याकडं हाये."